खुडूक

अंडेवाल्यांच्या घरात माणसाला खुडूक म्हटलं तर ती शिवी धरायची की निदान, हे बारकीला कधी कळलं नाही. कोंबडी अंडी द्यायची थांबते, कोपरा धरून बसते, दाणे टाकले तरी उठत नाही, हात लावला तर नुसती फुगते. ती खुडूक. आणि बारकीने तर महिनाभर मागच्या खोलीतली खाट धरली होती. तेव्हा एके सकाळी तिच्या बापाने शेडमधून येऊन, खांद्यावरचं तुसाचं पोतं खाली न ठेवताच, निकाल देऊन टाकला.

"खुडूक झालीये पोरगी. दुसरं काही नाही."

बाप तीस वर्षं कोंबड्यांत होता. चारशे कोंबड्या, अंडी उबवायचं एक मशीन आणि कुणाचं न ऐकायची सवय, एवढा त्याचा संसार. बायको आणि बहीण त्या संसारात मागून आल्या असं तो मानायचा. बारकी बावीस वर्षांची, बापापेक्षा दोन बोटं उंच. पण थोरल्या बहिणीच्या मागे जन्मली म्हणून बारकी, ती थोरली लग्न होऊन गेली तरी बारकीच.

खुडूक कोंबडीवर घरात तीन उपाय ठरलेले. पहिला, गार पाण्यात बुडवायची. तो आत्याने केला. आत्या म्हणजे बापाची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून इथेच राहायची आणि तिच्या तोंडाचा पट्टा पहाटे सुरू व्हायचा. तिने तांब्याभर गार पाणी बारकीच्या डोक्यावर ओतलं. बारकी भिजली आणि तशीच पडून राहिली. गादी मात्र दोन दिवस वाळत घालावी लागली. दुसरा उपाय, जागा बदलायची. बापाने खाट उचलून ओसरीत आणली. आता रस्त्याने जाणारा प्रत्येक जण थांबून विचारू लागला, "काय गं, ताप आहे का?" आणि बारकी भिंतीकडे तोंड करून "हं" म्हणू लागली. तिसरा उपाय म्हणजे नाकात पीस घालायचं. आत्या पीस निवडून घेऊन आलीसुद्धा होती, पण आई मध्ये उभी राहिली.

"पोरीच्या नाकाला हात लावलात तर बघा," आई म्हणाली. आई वर्षातून दोनदा असं बोलायची, म्हणून सगळे ऐकायचे.

बारकीला हे सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. फक्त ते पलीकडच्या शेडमध्ये चाललंय असं वाटायचं. अंगात ओला भुसा भरल्यासारखं झालं होतं. चप्पल घालायची तर आधी उजवी की डावी, इथेच तासभर जायचा. उठवत नव्हतं आणि झोपही लागत नव्हती. आपण अशाच राहणार, असं तिला एकदा वाटलं आणि मग ते वाटणं जाईचना.

घर हललं ते मशीन फुटलं तेव्हा. म्हणजे मशीन नाही, आतली अंडी. अंडी सातव्या दिवशी दिव्यावर धरून बघायची असतात. आत लाल शिरा दिसल्या तर पिल्लू धरतंय, नाही दिसल्या तर अंडं रिकामं, ते काढून टाकायचं. हे काम बारकीचं. बापाचे डोळे अधू, आई घाईत, आणि आत्याला प्रत्येक अंड्यात पिल्लू दिसायचं. या खेपेला आत्याने बघितली. सहाशेपैकी सहाशे पास! सोळाव्या दिवशी पहिलं अंडं फटकन फुटलं आणि मग एकामागून एक. असा वास सुटला की शेजारच्यांनी दारं लावून घेतली. सहाशेतून एकशे चाळीस पिल्लं निघाली, तीही बिचारी नाक मुरडल्यासारखी.

नाकाला पदर लावून आई म्हणाली, "आता पोरीला डॉक्टरकडे न्या. कोंबडीच्या नाही, माणसाच्या."

ही वर्षातली दुसरी वेळ होती.

मोठ्या गावातल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, शांत, पेन कानाला लावायची सवय. त्यांनी बारकीला विचारलं, "कधीपासून होतंय असं?"

"चाळीस दिवस," बाप म्हणाला. "खाणं निम्म्यावर. पाणी बरं पिते. वजन दोन किलोने उतरलं. डोळ्यात चमक नाही. पिसं..." तो अडखळला. "केस गळतायत."

बारकीला वाटलं जमीन दुभंगावी. पण तेवढं वाटायलाही दम लागत होता.

"आणि शी?" डॉक्टरीणबाईंनी गंभीर चेहऱ्याने विचारलं.

"बघितली नाही हो," बाप ओशाळून म्हणाला. "बघायला हवी होती का?"

"तुम्ही जरा बाहेर बसा."

बाप बाहेर गेल्यावर बारकी पहिल्यांदा बोलली. थोडंच बोलली. सगळं जड लागतं म्हणाली. आंघोळ करायची म्हणजे कुणाचं तरी घर बांधायला निघाल्यासारखं वाटतं म्हणाली.

"रडू येतं?"

"आलं असतं तर बरं झालं असतं."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. हा आजार आहे, तुझ्या वयाची पुष्कळ मुलंमुली घेऊन येतात, आणि यातून माणसं उठतात, असं त्यांनी सांगितलं. 'उठतात' हा शब्द बारकीने घट्ट धरून ठेवला. मग बापाला आत बोलावलं.

"रोज सकाळी एक गोळी, खाल्ल्यावर, पाण्याबरोबर. फरक दिसायला तीन आठवडे तरी लागतात, कुणाला जास्त. सुरुवातीला तोंड कोरडं पडेल, मळमळेल, ते जातं. दर आठवड्याला मला दाखवायचं आणि मनाने बंद करायची नाही."

"तीन आठवडे म्हणजे एकवीस दिवस!" बापाचा चेहरा खुलला. "अहो, मग असं सांगा की. अंड्यालाही एकवीसच लागतात. खुडूक आहे म्हणून मी पहिल्यापासून..."

"खुडूक म्हणजे?"

बापाने सांगितलं. दहा मिनिटं सांगितलं, नाकातल्या पिसासकट. बाहेर रांग वाढत होती. डॉक्टरीणबाईंनी कानावरचं पेन काढून पुन्हा कानावर ठेवलं आणि म्हणाल्या, "पीस घालू नका."

आठ दिवस बारकीने गोळी घेतली. तोंडाचा तूस झाला, पोटात ढवळायचं, आणि जांभया अशा यायच्या की समोरच्यालाही लागायच्या. बाप रोज सकाळी खाटेशी वाकून बघायचा. "काही फरक?" संध्याकाळी पुन्हा. "आता?"

नवव्या दिवशी आत्या शेजारणीशी कुंपणावरून बोलत होती. आत्याचं हळू बोलणं म्हणजे अर्ध्या गल्लीला पुरायचं. "वेड्यांच्या गोळ्या आहेत म्हणे त्या. एकदा लागल्या की सुटत नाहीत. पोरीचं पुढे कसं व्हायचं, तूच सांग."

ओसरीतल्या खाटेवर सगळं पोचलं. दहाव्या दिवशी बापाने गोळी पुढे केली तर बारकीने हात बाहेर काढला नाही.

"मी एकटीच का घेऊ? या घरात शहाणं कोण आहे?"

प्रश्न बिनतोड होता. बाप गोळ्यांची पाकिटं घेऊन शेडमध्ये गेला, कोंबड्यांच्या औषधांच्या फडताळापुढे बराच वेळ बसला आणि हसतमुखाने परत आला. हे हसू कशाचं हे बारकीला समजायला हवं होतं. बाप हसला की कुठेतरी काहीतरी गळतं, हा तिचा लहानपणापासूनचा अनुभव.

दुसऱ्या दिवसापासून घरात पाण्याचा आग्रह सुरू झाला.

"पाणी प्या. उन्हाचे दिवस आहेत. बारके, पेला संपव. अगं, तूही पी. आक्का, तूसुद्धा!"

बाप स्वतः पाण्याचा शत्रू, दिवसभर चहावर. तो आता दर तासाला माठातून पेला भरून घ्यायचा, नाक दाबून प्यायचा आणि सगळ्यांना मोजून वाटायचा. आई म्हणाली, पाणी कडवट लागतंय, माठ घासायला हवा. बाप म्हणाला, "घासू नको!" इतक्या जोरात की चारशे कोंबड्या एकदम गप्प झाल्या.

तीन दिवस असे गेले. आत्या सांगू लागली की तिला अलीकडे फार शांत वाटतंय. शेजारणीचा बोकड आत शिरून मिरचीची रोपं खाऊन गेला तरी ती भांडली नाही, नुसती "जाऊ दे, मुकं जनावर" म्हणाली. शेजारीण घाबरून तब्येत विचारायला आली.

चौथ्या दिवशी खाद्याची गाडी आली. गाडीवाल्या पोराला सगळे पोंपों म्हणायचे, कारण तो वळणापासून जो हॉर्न धरायचा तो दार येईपर्यंत. पंचविशीतला, हडकुळा, पण दोन दोन पोती एका वेळी उचलायचा. मधे चार-सहा महिने त्याने हॉर्न वाजवलाच नव्हता. गावाला वाटलं, पोरगा सुधारला. हल्ली पुन्हा वाजवत होता आणि गाव पुन्हा शिव्या देत होतं.

पोती टाकून तो ओसरीत टेकला. बापाने त्याला पाणी दिलं. ते संपल्यावर आणखी दिलं. एक पेला बारकीलाही आणून दिला.

बारकीने पेला घेतला आणि, काही न ठरवता, तो दाराच्या उजेडासमोर धरला. हाताची सवय. सात वर्षं अंडी धरलेला हात. पेला तिने जरा फिरवला, तिरपा केला, एक डोळा मिटला. पाण्यात बारीक पांढरी भुकटी तरंगत होती आणि तळाला गोळीच्या वेष्टनाचा टिकलीएवढा तुकडा होता.

"बाबा," ती म्हणाली, "पाण्यात काय घातलंय?"

"कुठे काय?"

"बाबा."

बाप खांबाला टेकला. लपवाछपवी त्याला जमायची नाही, आणि जी पोरगी महिनाभर कशाकडे बघतही नव्हती तिने पेला उजेडात धरून एवढं विचारलं, त्यानेच तो विरघळला.

"डॉक्टरीणबाईच म्हणाल्या ना पाण्यातून द्या म्हणून."

"पाण्याबरोबर म्हणाल्या!"

"एकच की! शेडमध्ये एकीला आजार झाला तर काय करतो आपण? कळपाला पाण्यातून देतो. एकेकीची चोच कोण उघडत बसणार? तू म्हणालीस, मी एकटीच का. म्हटलं बरोबर आहे पोरीचं. सगळे घेऊ. माणशी एक. चार माणसं, चार गोळ्या, रोज सकाळी माठात."

आत्याने हातातला पेला अंगणात रिकामा केला. "म्हणजे मी तीन दिवस वेड्यांच्या गोळ्या...? अगंबाई! तरीच म्हटलं मी बोकडाला का सोडला!"

"आणि मला?" पोंपोंने रिकाम्या पेल्यात बघत विचारलं. "अहो काका, मला डबल झाली मग."

"डबल कशी?"

"मी सकाळीच घेऊन निघतो ना घरून. हीच. पांढरी, मधे रेघ असलेली."

पोती उचलणारा, हॉर्नने गल्ली उठवणारा पोंपों, त्याच्याकडे सगळे, त्याला शिंगं फुटल्यासारखे, बघू लागले. त्याने कान खाजवला.

"सात महिने झाले," तो म्हणाला. "आता त्यात काय एवढं."

मग सगळ्यांचीच पळापळ झाली. आईने माठ अंगणात पालथा केला. बापाने पोंपोंच्या फोनवरून डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि पलीकडून जे आलं ते उभ्यानेच ऐकून घेतलं. इतका वेळ गप्प बसून त्याने जन्मात कुणाचं ऐकलं नव्हतं. पोंपोंला काही होणार नाही, पण आज गाडी हाकू नये, बसून राहावं. बाकीच्यांना विरळ पाण्यातून फारसं काही गेलेलं नाही. बारकीला मात्र धड औषध मिळालेलंच नाही, उद्यापासून रोज एक, तिच्या हातात. आणि पुन्हा असं काही केलंत तर मी स्वतः येऊन तुमच्या नाकात पीस घालीन.

"आणि माझ्या बहिणीला जे शांत वाटतंय ते?" बापाने भीत भीत विचारलं.

पलीकडून उत्तर आलं. बापाने फोन ठेवला. "तीन दिवसांत या गोळीने कुणाला काही वाटत नसतं म्हणाल्या."

आत्याने पदर सावरला. "म्हणजे मी मुळातच शांत आहे," ती म्हणाली.

दुपारभर पोंपों ओसरीत अडकला. आई-बाप शेडमध्ये, आत्या शांतपणे शेजारणीशी बोकडावरून भांडायला गेलेली. बारकी खाटेवर, तो पोत्यांवर.

"तोंड कोरडं पडतं?" त्याने विचारलं.

"हं."

"बडीशेप ठेवत जा. जांभया?"

बारकीने उत्तरादाखल जांभई दिली. त्यालाही आली.

"तुझं काय झालं होतं?" तिने विचारलं.

"काही झालं नव्हतं. तेच तर. डॉक्टरने विचारलं काय झालं, मला सांगताच येईना. गाडी सुरू करून बसायचो आणि जायचं कुठे तेच सुचायचं नाही. आई म्हणायची कुणा पोरीने फसवलं असेल. कुठली पोरगी? मला ओळखत कोण होतं?"

बारकीच्या ओठाची एक कड हलली. खूप दिवसांनी हलल्यामुळे जरा दुखली.

"मग कळलं कधी? बरं वाटतंय असं?"

पोंपोंने विचार केला. "कळलं नाही गं. एक दिवस टायर बसला. त्याआधी बसला की मीही बाजूला बसून राहायचो, कुणी येईपर्यंत. त्या दिवशी मी टायरला लाथ मारली आणि अशी शिवी हासडली की झाडावरचे कावळे उडाले. मग माझं मलाच वाटलं, अरे, हा तर मी!"

"आणि मला नाहीच आलं तसं तर?"

हे तिने कुणालाच विचारलं नव्हतं.

"मला पहिली लागू पडली नव्हती," तो म्हणाला. "बदलून दिली. दुसरीने आलं."

दुसऱ्या दिवशी बारकीने हात पुढे करून गोळी घेतली. त्याच दिवशी बापाने मशीनमध्ये नवी सहाशे अंडी लावली आणि दारावर खडूने तारीख लिहिली. दोन्हींची एकच.

"एकवीस दिवस," तो म्हणाला. "मधे उगाच कुणी दार उघडायचं नाही आणि पोरीलाही काही विचारायचं नाही. अंडं फोडून बघतो का आपण रोज?"

स्वतःच काढलेला हा नियम पाळताना त्याचे हाल झाले. सकाळी खाटेजवळून जाताना तो तोंड दाबून जायचा. सातव्या दिवशी अंडी बघायची वेळ आली तेव्हा तो अंड्यांचे ट्रे खाटेशी आणून ठेवून काही न बोलता उभा राहिला. बारकीने तीस अंडी बघितली, आठ काढली आणि आडवी झाली. दुसऱ्या दिवशी सत्तर बघितली. मधले दोन दिवस एकही नाही. बाप अंधारात दिवा धरून उभा राहायचा आणि "रिकामं", "आहे", "आहे", "रिकामं" असं ती म्हणेल तसं टोपलीत टाकायचा. चारशे वीस राहिली.

एकविसावा दिवस उजाडला तेव्हा बापाने धुतलेला सदरा घातला होता. सकाळपासून मशीनमधून चिवचिव सुरू झाली. दुपारपर्यंत ट्रे भरून पिल्लं, ओली, वेडीविद्री, एकमेकांच्या डोक्यावर पाय देणारी. आई हसत होती, आत्या मोजत होती आणि दर वेळी वेगळा आकडा सांगत होती. आणि मग, कुणी ठरवलं नव्हतं, पण तिघांनीही एकदम वळून बारकीकडे बघितलं.

बारकी दारात उभी होती. तिनेही आत चाचपून बघितलं. ओला भुसा तिथेच होता. थोडा कमी असेल, असेलही, पण होता.

"माझं काही नाही आलं, बाबा," ती म्हणाली. आवाज फाटला, आणि इतक्या दिवसांनी तिला रडू आलं. भडाभडा आलं. पिल्लं ओरडत होती, ती रडत होती, आणि आईने तिला मशीनला टेकवून धरलं कारण दुसरी जागाच नव्हती.

बापाने हातातलं पिल्लू ट्रेमध्ये ठेवलं. त्याला वाईट वाटलं की चेहरा रागावल्यासारखा व्हायचा, तसा झाला होता.

"कडेची अंडी मागे राहतात," तो म्हणाला. "तिथे ऊब उशिरा पोचते. बाविसावा, तेविसावा लागतो त्यांना. आपण काय मशीन बंद केलंय का? चालूच आहे ते."

त्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी गोळीची ताकद जरा वाढवली आणि रडलीस हे चांगलं झालं म्हणाल्या. पुढचे दिवस साधेच गेले. बारकीने एकदा सांगितल्याशिवाय आंघोळ केली. एकदा अख्खं ताट संपवलं. तिच्या लक्षात आलं नाही, आईच्या आलं, पण नियम होता म्हणून आई बोलली नाही.

एकोणतिसाव्या दिवशी बारकी पाणी प्यायला उठली आणि मशीनच्या खोलीवरून जाताना थबकली. आत आत्या पुढच्या खेपेची अंडी ट्रेमध्ये लावत होती. टोकदार बाजू वर, बोथट खाली. एक दोन नाही, चार ट्रे. वर गाणं म्हणत.

"आत्या!"

आत्याच्या हातातलं अंडं खाली पडून फुटलं.

"किती वर्षं झाली या घरात? किती वर्षं? बोथट बाजू वर, बोथट बाजू वर, घसा फाटेपर्यंत सांगितलं मी! उलटं लावलंत तर पिल्लू श्वास कुठून घेणार, तुमच्या कपाळातून? गेल्या वेळी सहाशे पास केलीत, घरभर घाण, आणि आता हे! आणि वेड्यांच्या गोळ्या काय? त्या गोळ्या मी घेते. मी! कुंपणावर जाऊन सांगायचं असेल तर नीट सांगा, सकाळी एक, खाल्ल्यावर! सरका तिकडे!"

आत्या सरकली. आई चुलीवरून धावत आली, बाप शेडमधून, हाताला कोंढा लागलेला. बारकी ट्रेसमोर उकिडवी बसून एकेक अंडं फिरवत होती, दात ओठ खात, आणि तोंडाने चालूच होती. बापाचा सदरा किती दिवस धुतला नाही इथपासून ते कोंबड्यांच्या भांड्यात शेवाळ साठलंय इथपर्यंत तिने कुणालाच सोडलं नाही.

तिघंही दारात उभे राहून ऐकत होते. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आत्या, जिने आयुष्यात कुणाचं अर्धं वाक्य ऐकून घेतलं नव्हतं, हात जोडल्यासारखी उभी होती. बापाच्या तोंडावर असं हसू होतं की दोन्हीकडच्या पडलेल्या दातांच्या फटी दिसत होत्या.

"हसताय काय?" बारकी ओरडली. "काय झालंय हसायला?"

"काही नाही, काही नाही," बाप म्हणाला. "तू बोल. आणखी बोल."

बारकीचा हात अंड्यावर थांबला. तिने तिघांकडे बघितलं. तिला टायर आठवला, आणि कावळे. अरे, असं तिला वाटलं, आणि तिने पुढचं अंडं उचललं.

संध्याकाळी आत्याने विषय काढला. "आता उठली पोरगी. मग त्या गोळ्या आता बंद करायच्या ना?"

"आक्का," बाप म्हणाला, "पिल्लू अंडं फोडून बाहेर आलं की लगेच थंडीत सोडतेस का तू? ओलं असतं ते. दिव्याखाली ठेवतो ना महिनाभर? डॉक्टरीणबाई सांगतील तेव्हा बंद. तोवर ऊब काढायची नाही."

आत्या बारकीकडे बघून उठली आणि पिल्लांचा दिवा बघायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापाने तळहातावर गोळी आणि दुसऱ्या हातात पाण्याचा पेला, असं दोन्ही तिच्यापुढे धरलं. बारकीने गोळी तोंडात टाकली. मग पेला घेऊन दाराकडे वळली, उजेडासमोर धरला, जरा फिरवला आणि एक डोळा मिटून बघितलं.

"अजून विश्वास नाही बापावर?" बाप दुखावून म्हणाला.

"नाही," बारकी म्हणाली, आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.